गोपनीयता शुल्क, रुपये १,५००

एकूण ११,१४९ रुपये गेले. त्यातल्या १,५०० रुपयांची चीड सगळ्यात जास्त येते, कारण ते मी आनंदाने भरले.

धाकट्या भावाला दीड वर्षापासून आवाज ऐकू येतात. खासगी डॉक्टर एका खेपेचे ८०० घेतात, गोळ्या महिन्याला २,१०० च्या. बाबा एसटीतून रिटायर झालेत, पेन्शन किती ते एसटीवाल्यांच्या घरी विचारा. म्हणून आयुष्मान कार्डावर मानसोपचार होतो का, असं फेसबुकवर एका ठिकाणी विचारलं. दुसऱ्या दिवशी फोन. "ताई, पेशंट घरातलाच का?"

पुढचं तुम्हाला माहीत असेलच. डीपीला योजनेचा लोगो, शिक्का मारलेलं पत्र, नोंदणी ४९९, 'मानसोपचार पॅकेज' चालू करायला २,३५०. पैसे पाठवताना नाव आलं कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. "ते आमचं कलेक्शन सेंटर, ताई." बरं, म्हटलं मी. एम.कॉम. झालेय, पतसंस्थेत व्हाउचर तपासते! पण २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा त्याला तोंडपाठ होता. मनाच्या आजाराला विम्यात शरीराच्या आजारासारखंच धरायचं, हे त्यात खरंच लिहिलंय, कलम २१. म्हणूनच फसले.

मग तो म्हणाला, "कार्डावर मानसिक आजाराची नोंद दिसते. लपवायची असेल तर गोपनीयता शुल्क, १,५००."

इथे कळायला हवं होतं. सरकार कधी गुपित ठेवायचे पैसे घेतं का? पण बहिणीला स्थळं बघतोय आम्ही. कांदेपोह्याच्या दिवशी भावाला मामाकडे पाठवतो. त्या माणसाला आमच्या घरातलं नेमकं दुखणं सापडलं होतं आणि मी त्याला वर "थँक्यू दादा" म्हटलं. शेवटी ६,८०० डिपॉझिट, परत मिळणारं म्हणे. का कू केलं तर, "मग येरवड्याला टाका." तेही भरले. नंतर नंबर बंद.

कार्ड फुकट असतं. शंका आली तर योजनेच्या हेल्पलाइनला, १४५५५ ला विचारा, आलेल्या फोनला नको. आणि ही योजना ॲडमिट झालेल्यांसाठी आहे. दर आठवड्याचं समुपदेशन, ओपीडीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. 'सगळं कार्डावर' म्हणणारा तिथेच खोटा.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला चौथ्या दिवशी. तीन दिवस लाजेत गेले, तोवर त्याचं खातं रिकामं. तुम्ही त्याच तासाला करा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. योजनेच्या कार्यालयात, "आमचा असा माणूसच नाही." अहो, नाही म्हणूनच आलेय ना! पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं आणि मग हवालदाराने भरल्या खोलीत मोठ्याने विचारलं, "म्हणजे वेडा कोण? तुम्ही की भाऊ?" पलीकडे आमच्या आळीतला दूधवाला पासपोर्टच्या कामाला बसला होता. गोपनीयता शुल्क वसूल झालं. त्या दिवशी नुसता अर्ज घेतला. गुन्हा नोंदवायला आणखी तीन फेऱ्या, दर वेळी साहेब बंदोबस्ताला.

सिव्हिलला मानसोपचार ओपीडी आहे हे मला १४४१६ वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर कळलं. तो फोनही फुकट आणि बोलणारी बाई मराठीत बोलली. केसपेपरला पैसे नाहीत, गोळ्याही तिथल्याच. रांग मोठी असते, डॉक्टर पाच मिनिटं देतात, एक गोळी एकदा संपलेली होती. तरी भाऊ आता रात्री झोपतो. हे सगळं घरापासून नऊ किलोमीटरवर होतं आणि मी लपवायचे पैसे मोजत बसले होते.

बाबांना मी २,८४९ च सांगितलेत.