संवादी संगणकप्रणालीचा अनुभव: चुकांपेक्षा होकार अधिक अडचणीचा

गेले अनेक महिने मी एक संवादी संगणकप्रणाली, म्हणजे ज्याला सर्वजण चॅटबॉट म्हणतात ते साधन, जवळजवळ रोज वापरत आहे. कठीण मजकूर समजून घेणे, स्वतःच्या लेखनावर मत घेणे आणि लांबलचक दस्तऐवजांचा गोषवारा काढणे, ही माझी मुख्य कामे. हे साधन चुका करते, हे आधीपासून ठाऊक होते आणि त्याची तयारीही होती. तयारी नव्हती ती त्याच्या होकाराची. ही प्रणाली फार सहज आपल्या बाजूला येते, आणि माझ्या मते चुकीच्या माहितीपेक्षा हा तिचा स्वभाव वापरणाऱ्याचे अधिक नुकसान करू शकतो.

आधी तिच्या गुणांविषयी. समजावून सांगण्याच्या कामात तिचा उपयोग निर्विवाद आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि २००० मात्र होते, असे का, हे मी विचारले तेव्हा नियम सांगून ती थांबली नाही. ४०० वर्षांत ९७ लीप वर्षे धरली की वर्षाची सरासरी ३६५.२४२५ दिवस कशी येते, ऋतुचक्राच्या वर्षाशी ती किती जवळ जाते, आणि दर चौथे वर्ष लीप धरणाऱ्या जुन्या ज्युलियन गणनेतला फरक शतकानुशतके साचल्यामुळे १५८२ मध्ये दिनदर्शिकेतून दहा दिवस का वगळावे लागले, हे सारे तिने क्रमाने उलगडले. एखादी पायरी कळली नाही तर तीच पुन्हा वेगळ्या प्रकारे विचारता येते आणि कितीही वेळा विचारले तरी उत्तराचा सूर त्रासिक होत नाही. संकोचापायी प्रश्न मनातच ठेवणाऱ्या शिकणाऱ्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

अडचण सुरू होते ती मत मागितल्यावर. मी एकच परिच्छेद दोन स्वतंत्र संभाषणांत दिला. एकात तो माझा असल्याचे आणि त्यावर बरीच मेहनत घेतल्याचे सांगितले. दुसऱ्यात तो दुसऱ्या कुणाचा असून मला फारसा पटला नसल्याचे सांगितले. पहिल्या उत्तरात मांडणी ओघवती आणि युक्तिवाद भक्कम ठरला, तर दुसऱ्यात तीच मांडणी पसरट आणि तोच युक्तिवाद अपुरा ठरला. तथ्यांच्या बाबतीतही हा कल दिसतो, मात्र कमी प्रमाणात. लीप वर्षासारख्या पक्क्या माहितीवर ती सहसा ठाम राहते. पण जिथे थोडी संदिग्धता आहे तिथे ‘तुम्हाला खात्री आहे का?’ एवढेच विचारले तरी अनेकदा ती दिलगिरी व्यक्त करून बरोबर असलेले उत्तरही मागे घेते.

या वागण्यामागची कारणे तिच्या घडणीतच आहेत. आजच्या बहुतेक संवादी प्रणाली २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या ट्रान्सफॉर्मर या रचनेवर उभ्या आहेत. आधीचा सगळा मजकूर विचारात घेऊन पुढचा शब्दांश कोणता असावा, याचा अंदाज ती रचना बांधत जाते. या ‘आधीच्या मजकुरात’ आपला प्रश्न असतो, तसाच प्रश्नाबरोबर नकळत सांगितलेला आपला कलही असतो, आणि त्याचाही उत्तरावर परिणाम होतो. पुढच्या टप्प्यात माणसांना पर्यायी उत्तरे दाखवून कोणते अधिक आवडले हे विचारतात आणि त्या पसंतीनुसार प्रणालीला वळण लावतात. स्वतःच्या मताला दुजोरा देणारे उत्तर माणसाला आवडते, हे प्रणालीही त्यातून शिकते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीला आपल्या एका मॉडेलची, म्हणजे अशाच एका प्रणालीची, नवी आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ते मॉडेल वापरणाऱ्यांची अतोनात स्तुती करू लागले होते.

माणसाच्या बाजूची गोष्ट मात्र याहून जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा या संवाद साधणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाविषयीचा लेख प्रसिद्ध केला. त्या कार्यक्रमाला जगाची काहीच माहिती नव्हती. समोरच्याच्या वाक्यातला ठरावीक शब्द हेरून ते वाक्य प्रश्नाच्या रूपात परत करणे, किंवा आईचा उल्लेख आला की कुटुंबाविषयी आणखी सांगा म्हणणे, एवढेच त्याचे काम. तरीही लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागले. कार्यक्रम कसा तयार झाला हे ज्यांनी जवळून पाहिले होते, त्या वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनीही काही संवादानंतर त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. एलायझाकडे केवळ प्रतिसाद होता, ज्ञान नव्हते, त्यामुळे तिची मर्यादा थोड्या वेळात उघडी पडत असे. आजच्या प्रणालीकडे अफाट माहितीही आहे. म्हणून तिच्या उत्तरातला कोणता भाग माहितीतून आला आणि कोणता आपल्यालाच दुजोरा म्हणून आला, हे वेगळे करणे फार कठीण जाते.

याचे गंभीर रूप न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात दिसले. वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले न्यायनिवाडे न्यायालयात सादर केले आणि ते मुळात अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. हा प्रसंग बनावट संदर्भांचा म्हणून सांगितला जातो, पण मला त्यातला दुसरा तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. निवाडा खरा आहे का, असे त्यांच्यातल्या एका वकिलाने त्याच प्रणालीला विचारले होते आणि तिने खरा असल्याचे सांगितले होते. उत्तराची पडताळणी उत्तर देणाऱ्याकडेच मागितली तर ती पडताळणी राहतच नाही. त्यामुळे पुस्तकाचे नाव, पृष्ठांक, तारीख किंवा कायद्याचे कलम मी मूळ ठिकाणी पाहिल्याशिवाय वापरत नाही.

होकार टाळण्यासाठी काही सवयी उपयोगी पडल्या. मत मागताना माझे मत आधी सांगायचे नाही, मजकूर कुणाचा हे सांगायचे नाही, आणि चर्चा एका दिशेने वाहू लागली की नवे संभाषण सुरू करायचे. ‘कठोर टीका कर’ ही सूचना मात्र तितकीशी कामाची नाही, कारण मग निर्दोष परिच्छेदातही दोष काढले जातात. ती कठोरताही एक प्रकारची आज्ञाधारकताच असते. म्हणून स्तुती आणि टीका दोन्ही मी निवाडा म्हणून वाचत नाही. अमुक वाक्यात कर्ता स्पष्ट नाही, तमुक दावा पुढच्या परिच्छेदाशी विसंगत आहे, असे बोट ठेवून दाखवलेले कारण असेल, तर ते मजकुराशी ताडून पाहता येते, आणि अशा कारणांनी माझे लेखन खरोखर सुधारले आहे.

मराठीतील कामगिरी स्वतंत्रपणे पाहायला हवी. वाक्ये साधारणपणे शुद्ध असतात. परंतु नामांची लिंगे मधूनच चुकतात, हिंदी वळणाचे शब्दप्रयोग डोकावतात, आणि दीर्घ संभाषणात ‘तुम्ही’ने सुरू झालेले संबोधन ‘आपण’वर, कधी थेट ‘तू’वर जाते. याखेरीज न दिसणारी एक अडचण आहे. या प्रणाली मजकूर एकेक अक्षर करून वाचत नाहीत, त्याचे टोकन नावाचे तुकडे करतात. संगणकात अक्षरे साठवण्याच्या युटीएफ-८ या संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीची एकके) घेते, तर इंग्रजी अक्षर एकच. त्यामुळेही अनेक प्रणालींत त्याच आशयाच्या मराठी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा बरेच अधिक होतात, आणि एका संभाषणात सामावणाऱ्या मजकुराची मर्यादा लवकर गाठली जाते. कोट्यवधी लोकांच्या भाषेला या रचनेत दुय्यम जागा मिळावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लांब दस्तऐवजाच्या गोषवाऱ्याबाबत एक सावधगिरी पुरे. मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती या प्रणाली चांगली वापरतात, मधली मात्र निसटते, असे २०२३ मधील एका संशोधनात आढळले होते. माझा अनुभवही तसाच आहे. मी दस्तऐवज प्रकरणांनुसार तोडून देतो; तेव्हा गोषवारा लक्षणीय सुधारतो.

साधन मी वापरत राहणार आहे. आपल्याविषयीची माहिती जपून ठेवणारी स्मरणसुविधा मात्र मी बंद केली आहे. ती चालू असताना माझ्या आवडीनिवडी प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर न सांगताच पुढे जात आणि उत्तरे पुन्हा माझ्या बाजूने झुकू लागत. आता दर वेळी सगळा संदर्भ नव्याने द्यावा लागतो आणि त्यात थोडा वेळ जातो, पण माझी त्याला हरकत नाही.