‘मेबी अल्पाका’ : कुस्कोच्या बाजारात झालेली माझी फसवणूक

दोन सुयांवरचे विणकाम मी गेली तीस वर्षे करीत आहे, त्यामुळे लोकरीच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकणार नाही अशी माझी पक्की समजूत होती. फसवणूक झाली ती नेमकी या समजुतीमुळे. आपण मराठीत ‘लोकर’ म्हणून जे रंगीबेरंगी गुंडे विकत आणतो, त्यांतले बहुतेक अॅक्रिलिकचे असतात, म्हणजे त्यांचा मेंढीशी काहीही संबंध नसतो; आणि माझी बोटे त्याच मऊ स्पर्शाला चांगली लोकर मानायला शिकलेली होती.

माचू पिक्चू पाहून आम्ही पेरूमधील कुस्को शहरात तीन दिवस मुक्काम केला होता. हे शहर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर असून जून महिन्यात तेथे दिवसा चांगले ऊन पडते, परंतु रात्री तापमान शून्याच्या आसपास उतरते, आणि आम्ही पुण्याहून नेलेले कपडे अगदीच अपुरे पडत होते. मुख्य चौकाजवळच्या एका दुकानात विक्रेतीने माझ्यासमोर दोन स्वेटर ठेवले. एक मेंढीच्या लोकरीचा, जाडाभरडा, हाताला टोचणारा आणि जनावराचा किंचित वास असलेला, ९० सोलचा (सोल हे पेरूचे चलन). दुसरा राखाडी, रेशमासारखा गुळगुळीत, ‘बेबी अल्पाका’ (अल्पाका म्हणजे दक्षिण अमेरिकेतला उंटाच्या कुळातला लोकरी प्राणी, आणि त्याची लोकरही) अशी शिवलेली पट्टी असलेला, २२० सोलचा, म्हणजे जवळपास पाच हजार रुपयांचा. अल्पाका मेंढीपेक्षा सातपट उबदार असते, ही लोकर पिल्लाच्या पहिल्या कातरणीची आहे आणि हा स्वेटर जन्मभर टिकेल, असे तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले. मग तिने एक धागा पेटवून दाखवला आणि केस जळल्याचा वास आला. तो धागा तिने स्वेटरमधून काढलेला नव्हता, गल्ल्याशेजारी पडलेल्या लडीतून तोडलेला होता. हे मी डोळ्यांनी पाहिले होते, पण त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. मी राखाडी स्वेटर दोन घेतले, एक माझ्यासाठी आणि एक यजमानांसाठी.

पुढे आरेकिपा या शहरातून कोल्का दरीतले कोंडोर गिधाड पाहण्यासाठी आम्ही चिवाय या गावी गेलो. पहाटेच्या वाऱ्यात तो स्वेटर अंगात असून नसल्यासारखा होता. चढण चढताना आलेला घाम आत तसाच राहिला आणि थांबल्याबरोबर हुडहुडी भरली. रात्री अंधारात स्वेटर काढताना चटचट आवाज होऊन ठिणग्या उडाल्या. आमचा वाटाड्या हसून म्हणाला, “बेबी अल्पाका नव्हे, मेबी अल्पाका!” म्हणजे ‘कदाचित अल्पाका’. हा तिथला जुना विनोद आहे, असे नंतर कळले.

आरेकिपा हे पेरूच्या अल्पाका उद्योगाचे केंद्र आहे. तेथे लोकर निवडणाऱ्या स्त्रिया रंग आणि बारीकपणा यांनुसार ती केवळ बोटांनी वेगळी करतात. त्यांच्यापैकी एकीने माझ्या स्वेटरची बाही दोन बोटांत धरली आणि लगेच सोडून दिली. शिवणीच्या आतून काढलेला धागा पेटवल्यावर तो वितळला, काळा धूर निघाला आणि शेवटी टणक मणी उरला. खरी लोकर, मग ती मेंढीची असो वा अल्पाकाची, ज्योत दूर नेल्यावर सहसा आपोआप विझते आणि तिची राख बोटांनी चुरडता येते. मात्र या परीक्षेने कृत्रिम धागा तेवढा उघडा पडतो. अल्पाका आणि मेंढी यांच्यातला फरक यातून कळत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली तंतूवरचे खवले पाहावे लागतात. ‘बेबी’ हा शब्द पिल्लाच्या वयाचा नसून सुमारे २२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या तंतूंची ती प्रतवारी आहे, हेही मला तेथेच समजले.

सातपटीचा दावा तर विचार करताच कोसळतो. ऊब देते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. अल्पाकाचे अनेक तंतू आतून पोकळ असतात, तर मेंढीच्या लोकरीला नैसर्गिक कुरळेपणा असल्यामुळे ती फुगून हवा धरते. सारख्या बारीकपणाच्या आणि सारख्या विणीच्या दोन स्वेटरांत एवढी तफावत पडणे शक्य नाही. टिकाऊपणाचे गणित आणखी वेगळे आहे. अल्पाकामध्ये लवचिकता कमी, त्यामुळे जड विणीचा स्वेटर खुंटीला टांगल्यास लांबत जातो. मेंढीची लोकर ताणली तरी पूर्ववत होते. म्हणूनच अनेक विणकर अल्पाकामध्ये थोडी मेंढीची लोकर मिसळतात, आणि पट्टीवर प्रमाण स्पष्ट लिहिले असेल तर त्यात फसवणूक मुळीच नाही. मी शेवटी आरेकिपात असाच मिश्र लोकरीचा एक स्वेटर घेतला. त्याला राखाडी स्वेटराच्या अडीचपट पैसे पडले.

मला सर्वांत जास्त बोचते ते वेगळेच. त्या दुकानातला खरा माल ९० सोलचा होता. ज्या घरात चिंचोक्याची खळ दिलेली, अंगाला टोचणारी धनगरी घोंगडी आजोबांच्या काळापासून वापरात आहे, त्या घरातल्या बाईने खरखरीत म्हणून मेंढीची लोकर बाजूला सारावी, याला काय म्हणावे? मला तुलना करायला लावली होती ती अल्पाका आणि मेंढी यांची, पण प्रत्यक्षात माझ्यासमोर होती मेंढी आणि प्लॅस्टिक.

पेरूमध्ये दुकानांना तक्रारवही ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ‘बोलेता’ नावाची विक्रीपावती मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, हे मला परतीच्या दोन दिवस आधी समजले. पावतीवर मालाचे नाव लिहून घेतले असते, तर तक्रारीला काही आधार मिळाला असता. दुकानाचे नाव छापलेली एक कागदी पिशवी तेवढी माझ्याजवळ होती, आणि पिशवीत काय दिले होते हे पिशवीवर कोठेही लिहिलेले नव्हते.