वायरगार्ड, दोन मोटरी आणि एक चावी : ११ महिन्यांनंतर

वरूड तालुक्यातली आमची संत्र्याची बाग गावापासून तीन किलोमीटरवर. थ्री-फेज लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत बॅटरी मारत, साप-विंचू बघत बोअरवर जायचा कंटाळा आला, म्हणून फोनवरून मोटर चालू करता यावी यासाठी बोअरवरच्या खोलीत स्टार्टरशेजारी रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक बसवला (पुढे नुसता 'पाय'). सिमच्या इंटरनेटला सहसा स्वतःचा पब्लिक पत्ता, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा, मिळत नाही, त्यामुळे मधे एक भाड्याचा सर्व्हर घेतला आणि पाय, सर्व्हर, घरचे फोन असं सगळं वायरगार्डने जोडलं. वायरगार्ड म्हणजे इंटरनेटवरून यंत्रांमध्ये सुरक्षित खासगी बोगदा तयार करणारं सॉफ्टवेअर.

मांडणी सरळ आहे. प्रत्येक यंत्राला चाव्यांची जोडी. खासगी चावी यंत्रातच राहते, सार्वजनिक चावी समोरच्याला द्यायची. ४४ अक्षरं, शेवटी बरोबरचं चिन्ह (=). अनोळखी चावीने कोणी दार वाजवलं तर सर्व्हर हूं की चूं करत नाही. पायवर चालणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, वायरगार्ड २०२० पासून आहे, त्यामुळे जुन्या पायवरही हलकं चालतं. सार्वजनिक चावी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तेव्हा बाबा बिचकले होते; ती सगळ्यांना दिसली तरी बिघडत नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

चूक माझीच झाली. चुलतभावाच्या विहिरीवर तसाच पाय लावायचा होता. पुन्हा सगळं कोण मांडणार, म्हणून माझ्या मेमरी कार्डाचीच नक्कल त्याला दिली. म्हणजे दोन यंत्रं, खासगी चावी एकच, आतला पत्ताही एकच. ज्याचं डेटाचं पाकीट (पॅकेट) शेवटी आलं तोच खरा, असं सर्व्हर धरतो. दोघं आळीपाळीने एकमेकांची जागा घेत राहिले. मी बोअरचं बटण दाबलं आणि पाच मिनिटांत त्या चुलतभावाचा, दादाचा फोन : "काऊन बे, माह्या विहिरीवरची मोटर कोनं चालू केली? पाइप तं मी खोलून ठेवला हाये!" ढोपरापर्यंत भिजला होता बिचारा. त्या रात्री त्याच्या पायवरच नवी जोडी तयार केली आणि माझ्याकडे फक्त सार्वजनिक चावी मागवली. तेव्हापासून खासगी चावी एका यंत्रातून दुसऱ्यात न्यायची नाही, हा नियम.

दुसरं दुखणं पावसाळ्यात कळलं. खोलीतला पाय सौर पॅनेलच्या बॅटरीवर चालतो. श्रावणात चार दिवस उघाड नाही, बॅटरी बसली. ऊन पडल्यावर पाय उठला, पण जोडणी होईना. पाऊण तासाने आपोआप झाली. दोनदा असं झालं, दोन्ही वेळा मी नेटवर्कला शिव्या दिल्या. खरं कारण घड्याळ. माझ्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नाही. तो शेवटची नोंदवलेली वेळ घेऊन उठतो. आणि वायरगार्डच्या पहिल्या निरोपात वेळेचा शिक्का असतो. आधीच्या शिक्क्याहून जुना शिक्का आला की सर्व्हर तो निरोप टाकून देतो, म्हणजे कोणी जुना निरोप पुन्हा वाजवून फसवू नये. नेटवरून वेळ घ्यावी तर मी सगळी वाहतूक बोगद्यातूनच वळवलेली. बोगदा नाही म्हणून वेळ नाही, वेळ नाही म्हणून बोगदा नाही! आता वेळ बाहेरून घेतो आणि डीएस३२३१ घड्याळाचा छोटा मॉड्यूल लावलाय, बटणसेलवाला. मग तक्रार नाही.

पुतण्याचा फोन बाजारात हरवला तेव्हा त्याची एक चावी सर्व्हरवरून काढली, बाकी कोणाला हात लावावा लागला नाही. यंत्रं एकमेकांशी बोलताना वापरतात त्या तात्पुरत्या चाव्या दर दोन मिनिटांनी आपोआप बदलतात, ते वेगळंच.

कुरबुरी आहेत. चावीला मुदत नाही. काढायची आठवण आपणच ठेवायची. यादीत नावं नाहीत, नुसती अक्षरं, म्हणून मोटरीच्या वहीत मागच्या पानावर कोणती चावी कोणाची हे लिहून ठेवलंय. खासगी चावी कार्डावर उघडीच असते. खोलीचं कुलूप तोडून कोणी कार्ड नेलं तर ती गेली. केबल चोरणारे इथे आहेतच, म्हणून खोलीच्या पायला सर्व्हरवरून बाकी कुठेच जाता येत नाही असं बांधून ठेवलंय. दादाच्या खोलीला अजून कुलूपच नाही, ते दिवाळीपर्यंत बसवतो म्हणालाय.