मशीन आधी की डोकॅलिटी आधी? कोकणातल्या घरगुती धंद्याचा हिशोब

परवा कुडाळच्या बाजारात शाळेतला एक मित्र भेटला. मुंबईची नोकरी सोडून कायमचा गावी आलाय, हातात ४ लाख आहेत, आंबा-कोकमचं काहीतरी करायचंय आणि पहिलाच प्रश्न काय, तर "कुठलं मशीन घेऊ रे?" दरवर्षी दोघं-तिघं तरी मला हेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मशीन घेणं आणि डोकं लढवणं, आम्ही दोन्ही रस्ते चालून बघितलेत, आणि आधी चुकीचा बघितलाय.

आमचा उद्योग म्हणजे मी, बायको, आते आणि सीझनला दोन बायका. आगळ (कोकमचा रस), आमसुलं, आंबापोळी. सहा वर्षांपूर्वी मला वाटलं आपण मागे राहतोय कारण आपण अजून उन्हावर वाळवतोय, म्हणून ट्रे ड्रायर घेतला, ३ लाख ४० हजारांचा, त्यातले ३ लाख कर्ज आणि ३ वर्षं महिन्याला साडेनऊ हजार हप्ता. टेम्पोतून उतरवताना आते पडवीत बसून बघत होती, ती एवढंच म्हणाली, "हाडलंस ता बरा केलंस, पण इकतलंस खंय?" (आणलंस ते बरं केलंस, पण विकशील कुठे?) तेव्हा राग आला होता.

पहिल्या सीझनला आंबापोळी केली. लवकर व्हावी म्हणून टेंपरेचर वाढवून ठेवलं, तर वरून मस्त कातड्यासारखी सुकली आणि आत ओली राहिली, पॅक केल्यावर पंधरा दिवसांत बुरशी. उन्हात पातळ थर देऊन, तो सुकला की दुसरा, असं आते का करते ते तेव्हा कळलं. मग एक दिवस लाईट डिम-फुल झाली आणि हीटरची कॉइल गेली, कंपनीचा माणूस कोल्हापूरहून येणार म्हणून सांगितलं तो अकराव्या दिवशी आला, तोपर्यंत आंबा संपत आलेला. पण खरं दुखणं हे नव्हतंच. माल वाळत नव्हता ही आमची अडचण नव्हती, माल खपत नव्हता ही होती. आता तोच न खपणारा माल जास्त आणि लवकर तयार व्हायला लागला.

आता दुसरी बाजू. आगळाबद्दल तक्रारी यायच्या, "कोकम खारट आहे, फेकून दिलं." मी म्हणायचो मुंबईकरांना काय कळतंय. बायकोने एका गणपतीत चाकरमान्यांशी बोलता बोलता विचारलं की तुम्ही ते करता काय, तेव्हा कळलं की लोक आगळ सरबताच्या सिरपसारखं थंड पाण्यात टाकून पितायत! आगळ मिठातलं, सरबताचं अमृत कोकम साखरेतलं, हे आपल्याला माहीत, ठाण्यात वाढलेल्या पोरांना कुठून माहीत असणार? बाटलीवर आमच्या गृहउद्योगाचं नाव एवढं मोठं आणि देवीचा फोटो, पण हे कशाचं आहे ते कुठेच नाही. तिने लेबल बदललं. वर मोठ्या अक्षरात "सोलकढीसाठी. मीठ घातलेलं आहे" आणि खाली "एका नारळाच्या दुधाला ४-५ चमचे". शिवाय लिटरची बाटली बंद करून २०० मिलीची काढली, कारण रेल्वेने जाणारा माणूस आधीच तांदूळ, नारळ, खाजं घेऊन वाकलेला असतो, त्यात गळणारी लिटरभर बाटली कोण नेणार. सगळा खर्च लेबल छपाई आणि बाटल्यांचा, साडेसहा हजार. एका हप्त्यापेक्षा कमी. त्या वर्षी आगळ शिमग्याच्या आधीच संपलं.

म्हणून पैशाच्या बाबतीत तुलना सरळ आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुकलात तर काय. आम्ही सोललेले फणसाचे गरे पॅक करून पाठवायची आयडिया पण केलेली, दुसऱ्याच दिवशी काळे पडले. नुकसान बारा फणस आणि थोडी लाज, आठवड्यात विषय संपला. ड्रायरची चूक मात्र मी ३६ महिने फेडली.

सबसिडीचं पण बोलू, कारण निम्मे लोक तिच्यामुळेच मशीन घेतात. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये आली, त्यात ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, आणि ती बँक कर्जाला जोडलेली. म्हणजे ४ लाखांच्या मशीनला १ लाख ४० हजार सरकारचे, पण २ लाख ६० हजार तुमचेच ना? मशीन लागणारच असेल आणि योजना चालू असेल तर जरूर घ्या. सबसिडी आहे म्हणून मशीन शोधू नका.

कोणी म्हणेल लेबल-बिबल ठीक आहे, त्याने मोठा धंदा होतो का. कोकण रेल्वेचंच बघा. १९९९ मध्ये त्यांनी रो-रो सुरू केलं, भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट सपाट वॅगनवर चढवायचा आणि घाट चुकवून पुढे नेऊन उतरवायचा. रूळ तेच, इंजिन तेच. ट्रकवाला आपला स्पर्धक, असंच कोणीही धरून चाललं असतं, यांनी त्यालाच गिऱ्हाईक केलं. किंवा मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या, जिथे कासवाची अंडी उकरून विकली-खाल्ली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे संवर्धन सुरू केलं आणि आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरीच राहतात-जेवतात. किनारा तोच, कासवं तीच.

तिकडे तामिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये १५ हजार रुपयांत चिक शांपूचा धंदा काढला. पुढे त्यांची स्कीम होती, कुठल्याही कंपनीच्या ५ रिकाम्या पुड्या द्या आणि चिकची एक फुकट घ्या, आणि लोकांना सवय लागल्यावर फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या घ्यायला सुरुवात केली. आता पुडी भरायला मशीन लागतंच, पण दुकानदाराच्या दारात गर्दी केली ती रिकाम्या पुडीने.

तरी डोकॅलिटीचे तोटे आहेत, ते कोणी सांगत नाही. एक तर ती मागवून येत नाही, मशीनची डिलिव्हरी डेट असते, हिची नसते. बँक तिच्यावर कर्ज देत नाही. घरात भांडणं होतात (देवीचा फोटो लहान केला म्हणून आते चार दिवस बोलत नव्हती). आणि कॉपी लगेच होते, आमची छोटी बाटली पुढच्याच मेमध्ये रस्त्यावरच्या तीन स्टॉलवर दिसली. त्यात वाईट वाटून उपयोग नाही, पण हिशोबात धरा.

आणि काही ठिकाणी मशीनच पाहिजे, तिथे उगाच विचार करत बसू नका. काजू बी फोडायला बसलेल्या बायकांचे हात बघा, टरफलाच्या तेलाने काळे पडून साल जाते, तिथे बी उकडून कटरवर फोडणं हाच उपाय, कटर घ्याच. दुसरं म्हणजे जून. रातांबे (कोकमची फळं) नेमके मे अखेर ढिगाने येतात, आमसुलांना रसाचे पूट देऊन परत परत वाळवायचं असतं आणि तेवढ्यात पाऊस. तिथे ऊन नाही म्हणजे नाही, ड्रायरच लागतो.

माझं मत विचाराल तर मित्राला मी असं सांगितलं. ४ लाख बँकेत ठेव, पहिला सीझन आतेच्या पद्धतीने थोडाच माल कर आणि एक वही घाल. कोण काय मागून परत गेलं, कोणी काय उघडून बघून ठेवून दिलं, तुझं काय सडलं, सगळं लिही. वहीत "सडलं" जास्त दिसलं तर मशीन घे, माझा विरोध नाही. "ठेवून गेले" जास्त असेल तर मशीनचं नाव काढू नको. त्याला हे फारसं पटलेलं दिसलं नाही, त्याने कोटेशन मागवलंय म्हणे.

आमच्या ड्रायरचं काय झालं? हप्ते संपायच्या आधीच्या वर्षी बायको म्हणाली की जूनमध्ये वाडीतल्या सगळ्यांचीच सोलं (आमसुलं) भिजतात, मग हा आपल्या एकट्याचाच कशाला पाहिजे. तेव्हापासून आम्ही २४ पैकी १६ ट्रे भाड्याने देतो, ट्रेमागे दिवसाला ४० रुपये, लाईट गेली तर तेवढे तास फुकट. यंदा अक्षय्य तृतीयेलाच जूनचा पहिला आठवडा बुक झाला आणि आतेने स्वतःसाठी दोन ट्रे अडवून ठेवलेत, पैसे न देता.