चाकू पाण्यात गेला म्हणून म्यान स्वतः बनवलं, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

राफ्टिंगसाठी चाकू घेताना आपण पातं बघतो, स्टील बघतो, म्यानाकडे कोणी बघत नाही. माझ्या चाकूसोबत आलेलं म्यान नायलॉनचं होतं, वर वेल्क्रोची पट्टी. दोन-तीन ट्रिपमध्ये वेल्क्रोत वाळू भरली, आणि कोलाडला कुंडलिका नदीत राफ्ट उलटल्यावर पोहत काठाला आलो तर म्यान लाइफ जॅकेटच्या छातीवर तसंच आणि चाकू गायब! दोर पायात अडकला तर तो कापायला तेवढंच एक हत्यार असतं हो, आणि उघडं पातं नदीत पडलं की कुणाच्याही पायात जाऊ शकतं. तेव्हाच ठरवलं की म्यान आपणच करायचं.

2 मिमीची कायडेक्स शीट (गरम केली की मऊ होणारं कडक प्लास्टिक) आणली, ओटीजी ओव्हनमध्ये साधारण 160 अंशाला मऊ केली आणि चाकूवर दाबून बसवली. पहिलं म्यान पात्याला अगदी चिकटून बसलं, घरी मस्त वाटलं, पण नदीत बारीक वाळू आत गेली आणि चाकू असा अडकला की दोन हातांनी ओढावा लागला. दुसऱ्या वेळी पात्यावर मास्किंग टेपचे तीन थर गुंडाळून साचा घेतला, त्यामुळे पात्याभोवती मोकळी जागा राहते आणि पकड फक्त मुठीच्या गळ्याशी, खट् करून बसतो. टोकाला 6 मिमीचं भोक पाडलं, पाणी-वाळू निघून जाते. तोंडाशी अंगठ्यासाठी उंचवटा ठेवलाय, अंगठ्याने रेटलं की चाकू सुटतो.

पकड किती हवी हे मी बॅगा तोलायच्या काट्यावर बघितलं. 3 किलोला सुटत होता तेव्हा राफ्टवर पोटावर चढताना निसटायचा, आता 5 किलोला सुटतो आणि आठ महिन्यांत एकदाही पडलेला नाही. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं म्हणून पावसाळ्यानंतरही ट्रिप चालू असतात, त्यामुळे वापर भरपूर झालाय.

तक्रारी दोनच. मालवणला समुद्रात नेलं तर साधे रिव्हेट गंजले, आता स्टेनलेसचे लावलेत. आणि उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं तर पकड ढिली झाली, हीट गनने गरम करून परत दाबावं लागलं.

दोरीचा लांब फास मुठीला लावू नका, तोच कुठेतरी अडकतो. प्रत्येक ट्रिपआधी मी लाइफ जॅकेट उलटं धरून जोरात झटकतो, मग ओले हातमोजे घालून डोळे मिटून दोन्ही हातांनी चाकू काढून बघतो. डाव्या हाताने अजून वेळ लागतो, म्हणून म्यान जरा मध्यावर सरकवून बघतोय.