कलेचा तास, बाहेरचा कलाकार की वर्गशिक्षक? शहरी शाळेने काय निवडावं

शहरातल्या शाळेत कला आणायची म्हटलं की मुख्याध्यापकांसमोर तीन वाटा असतात. कलाशिक्षकाचा वेगळा तास ठेवायचा, काही आठवड्यांसाठी बाहेरचा कलाकार बोलवायचा, नाहीतर वर्गशिक्षकांनाच तयार करून विज्ञान-गणिताचा धडा कलेतून शिकवायचा. वर्ग भरलेले, वेळापत्रक खच्चून भरलेलं, निधी मोजका. तिन्ही गोष्टी एकदम होत नाहीत, म्हणून निवडावं लागतं.

वेगळ्या तासाबद्दल फार बोलायला नको. तो असेल तर काढू नका. मुलांचा हात आणि गळा तिथेच तयार होतो. पण त्या तासामुळे गणिताचे गुण वाढतील, असं पालकांना सांगू नका. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या शिक्षण-संशोधन गटातल्या लोइस हेटलंड आणि एलेन विनर यांनी २००० साली आधीचे अनेक अभ्यास एकत्र पडताळले. कला शिकल्यामुळेच इतर विषयांचे गुण वाढतात, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. वर्गात गोष्ट अभिनयातून उभी केली तर मुलांचं भाषाकौशल्य सुधारतं, हे मात्र त्यात नीट दिसलं. म्हणजे ‘कला’ या शब्दाने काही ठरत नाही. कोणती कला, कोणत्या विषयासाठी, हे आधी विचारायला हवं.

बाहेरचा कलाकार आला की वर्गात जीव येतो, हे खरंच आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात ४२ शाळांची सोडत काढून काहींना कलासंस्थांची जोड दिली गेली. तो अभ्यास २०१९ साली पुढे आला. जोड मिळालेल्या शाळांत शिस्तभंगाच्या नोंदी ३.६ टक्केबिंदूंनी कमी झाल्या, लेखनाचे गुण वाढले आणि दुसऱ्याविषयीची आस्थाही वाढलेली दिसली. दंगा, कंटाळा, शाळेत मन न लागणं हे तुमचं मुख्य दुखणं असेल, तर ही वाट चांगली. तिची उणीव अशी की कलाकार आपलं कसब सोबत घेऊन जातो. तो वर्गात असताना शिक्षक मागच्या बाकावर वह्या तपासत बसले, तर पुढच्या वर्षी शाळेच्या हातात काही राहत नाही.

तिसरी वाट सर्वांत अवघड. तरीही माझा कौल तिलाच आहे. कारण एका उदाहरणाने सांगते. बाष्पीभवनाचा धडा घ्या. एका वर्गात मुलं पुस्तकातली आकृती मोठ्या कागदावर उतरवून रंगवतात. कागद छान दिसतो, भिंतीवर लागतो, पण विज्ञान होतं तिथेच राहतं. दुसऱ्या वर्गात बाकं कडेला सरकवली जातात आणि प्रत्येक मूल पाण्याचा एक कण होतं. द्रव असताना खेटून, एकमेकांवरून सरकत. शिक्षिका डफ वाजवतात. ठेका वाढला की उष्णता वाढली. आता प्रश्न येतो, आधी सुटणार कोण? मधली मुलं सुटायला बघतात, पण त्यांना वाटच नसते. कडेचा एक मुलगा आधीच निसटलेला असतो. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होतं, हे फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना अंगाने कळलेलं असतं. इथे नाच वगळला तर धडाच उरत नाही. पहिल्या वर्गात रंग वगळले तरी काही बिघडत नाही.

अमेरिकेतल्याच बाल्टिमोर शहरात पाचवीच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात, वाचनात मागे असलेल्या मुलांच्या लक्षात कलेतून शिकवलेलं विज्ञान अधिक टिकलं. शहरी शाळांत घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी अशी मुलं भरपूर असतात. मजकुराची भिंत ओलांडता न आल्यामुळे ती विज्ञानातही मागे पडतात. त्यांच्यासाठी ही वाट फार मोलाची आहे.

पण तिची किंमत शिक्षकाच्या वेळात मोजावी लागते. असा एक तास उभा करायला टाचण काढताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त विचार करावा लागतो. एक दिवसाचं प्रशिक्षण देऊन ‘आता करा’ म्हटलं, की भिंतीवरचे कागद तेवढे वाढतात. आठवड्यातून एक मोकळा तास नियोजनासाठी देता येत नसेल, तर या वाटेला अजून जाऊ नका. आधी तो तास मोकळा करा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेची सांगडही घालता येते. शिकागोत १९९२ पासून कलाकार आणि शिक्षक यांच्या जोड्या जमवून, दोघांनी मिळून पाठ आखण्याचं काम चाललं आहे. निधी थोडा असेल तर कलाकाराला सगळ्या शाळेसाठी आठवडाभर बोलावू नका. दोनच शिक्षकांच्या सोबतीला एक शालेय सत्र द्या.

ही वाट तुमच्या शाळेत चालते का, हे पाहायला अभ्यासक्रमातला घटक एकच निवडा, तोही मुलं दरवर्षी अडतात असा. एक तुकडी कलेतून शिकू दे, दुसरी नेहमीसारखी. चाचणी लगेच घ्या. मग आठ आठवड्यांनी, न सांगता, तेच प्रश्न पुन्हा द्या आणि सर्वांत आधी वाचनात अडखळणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिका उघडा.