घरचा डबा की शाळेतलं जेवण?

मूल जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जायला लागलं की घरोघरी हा विषय निघतो. शाळेत जेवण मिळतंच, मग डबा द्यायचा की नाही? विनाअनुदानित शाळांत पोषण आहार नसतो आणि आठवीनंतर तो आपल्या राज्यात मिळत नाही, तेव्हा हे सगळं पहिली ते आठवीच्या पालकांसाठी. आमची मुलगी अनुदानित मराठी शाळेत चौथीला आहे. सुरुवातीला डबा नेत होती, आता शाळेत जेवते. दोन्ही जवळून पाहिलंय.

डब्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. तेल कुठलं, पीठ कुठलं, हात कुणाचे हे आपल्याला ठाऊक असतं. ज्वारीची भाकरी देता येते, थालीपीठ देता येतं, पिठात मेथी घालून पराठे देता येतात. शाळेत मात्र रोज तांदूळच, कारण सरकारकडून तोच येतो. मुलाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल किंवा डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर डबाच द्यावा, त्यात दुसरा विचार नको.

पण डबा सांडतो. बाकी सगळं चाललं असतं, याच गोष्टीने आम्ही वैतागलो. रबरी रिंगचा स्टीलचा डबा घेतला, चार बाजूंनी खिट्ट्या लावायचा प्लॅस्टिकचा घेतला, वरून पिशवीत घालून गाठ मारली. दप्तर पाठीवर घेऊन पोरं पळतात, व्हॅनमध्ये एकावर एक दप्तरं रचली जातात, आणि मटकीचा रस्सा बरोबर वाट काढतो. मराठीच्या वहीला खालच्या कडेने हळदीचा पट्टा, परिसर अभ्यासाची पानं एकमेकांना चिकटलेली, दप्तराला दोन दिवस आमटीचा वास. आणि पिशवीची गाठ तिला सुटायची नाही, म्हणून मधल्या सुट्टीतली पहिली पाच मिनिटं बाईंना शोधण्यात जायची.

मग घरोघरी होतं तेच आमच्याकडे झालं, डबा कोरडा झाला. पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्या, पोळी आणि शेंगदाण्याची चटणी, तूप-साखरेची पोळी, पोहे, कधी शिरा. सगळं घरचं, ताजं, प्रेमाने केलेलं. पण वरण, आमटी, उसळ, कढी हे दुपारच्या खाण्यातून पार गेलं. वाढत्या वयातल्या मुलीच्या दुपारच्या जेवणात डाळच नाही, हे मला फार खुपायला लागलं.

शाळेतलं जेवण इथे वेगळं ठरतं. खिचडी हे नाव सगळ्यांच्या तोंडात बसलंय, पण २०२४ पासून राज्याच्या यादीत मसालेभात, चवळी खिचडी, सोयाबीन पुलाव, मूग-शेवग्याचं वरण आणि भात, मोडाची मटकी, नाचणी सत्त्व असे प्रकार आहेत. नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी, सहावी ते आठवीला ३० आणि ७५. प्रत्येक ताटात तेवढं पडतंच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. भाजी कमी असते, हे दिसतं. पण डाळ असते, गरम असते आणि ताटात असते. डबा न्यायची तेव्हा मुलगी घरी आल्या आल्या बिस्किटांच्या बरणीकडे जायची. आता दप्तर टाकून खेळायला पळते. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही, पण मला तेवढा पुरतो.

आणखी एक. पंगतीत सगळ्यांच्या ताटात सारखंच असतं. डबे उघडले की एकाकडे वेफर्सचं पाकीट, एकाकडे क्रीमची बिस्किटं, आणि आपल्या मुलाच्या भाकरीला गिऱ्हाईक नाही. नऊ वर्षांच्या पोराने रोज त्याच्याशी झगडायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

डबाही नको आणि शाळेतलंही नको म्हणून हातावर दहा रुपये ठेवणाऱ्यांबद्दल थोडक्यात. राज्याने २०१७ साली शाळांच्या कँटीनमधून जास्त मीठ, साखर आणि चरबीच्या पदार्थांना मनाई केली. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या नियमांनुसार असे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. फाटकाबाहेर लटकणाऱ्या पाकिटांच्या माळा आपण सगळेच बघतो. दहा रुपये तिथेच जातात.

शाळेच्या बाजूने बोलतोय म्हणून तिथलं सगळं गोड मानून घेत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. मुलं त्या दिवसाची वाट बघायची. जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखर यांचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून सोय करा असं शाळांना सांगितलं. ज्या गावात लोकांकडेच नाही तिथे लोकसहभाग कुठून आणायचा? शिजवलेलं जेवण हा मुलांचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशापासून आपण मानतो. मग त्यातलं सगळ्यात पौष्टिक तेवढं वर्गणीवर सोडणं मला पटत नाही. पालकसभेत हे बोललं पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्याच असतात.

निर्णय घेण्याआधी एकदा मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन उभे राहा. कोठीतला तांदूळ बघा, कीड असेल तर लगेच कळते. चव नोंदवहीत मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेतल्याची नोंद रोजची आहे का, की आठवड्याच्या सह्या एकदम मारल्यात, ते बघा. हात धुवायला पाणी आहे का, आणि स्वयंपाकी ताई दुसऱ्यांदा मागणाऱ्याला वाढतात का, हेही बघा. यातलं काही खटकलं तर डबा सुरू ठेवा आणि मुख्याध्यापकांशी बोला. ठीक वाटलं तर शाळेतलं जेवू द्यावं, असं माझं मत. आम्ही सोबत एक छोटी डबी देतो, पेरूच्या फोडी किंवा शेंगदाण्याचा लाडू. भाकरी आणि पालेभाजी रात्री घरी, अंडंही घरीच.